सुरू होता होता थांबलं कुठे?

७ जुलै २०१९ रोजी एएमडीचे रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर बाजारात आले. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांवर लिनक्स चढवायला घेतलं, त्यांच्यापुढे एक उलटं कोडं उभं राहिलं. नव्या यंत्रावर जुनी ऑपरेटिंग सिस्टीम अडते आणि नवी चालते, हा नेहमीचा अनुभव. इथे वर्षभर जुनी उबुंटू १८.०४ सुरळीत चालत होती आणि त्याच एप्रिलमध्ये आलेली १९.०४ मात्र सुरूच होत नव्हती. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू व्हायचा, काही ओळी पडद्यावर सरकायच्या आणि मग एकामागून एक सेवा नापास होत जायच्या.

दोष निघाला प्रोसेसरच्या एका सूचनेत. यादृच्छिक, म्हणजे कुणालाही आधी सांगता येणार नाही असा आकडा मागण्यासाठी 'आरडीरँड' नावाची सूचना असते. नव्या प्रोसेसरवर ती दर वेळी 'काम झालं' असं कळवायची आणि दर वेळी एकच आकडा हाती द्यायची : सगळे बिट १. लिनक्समध्ये कर्नलनंतर सगळा कारभार हाती घेणारा 'सिस्टमडी' हा प्रोग्राम प्रत्येक सेवेला सुरू करताना एक वेगळा ओळखक्रमांक देतो. त्याच्या नव्या आवृत्त्या हा क्रमांक आरडीरँडकडून घेत असत. दुसऱ्या सेवेलाही पहिलीचाच क्रमांक मिळू लागला आणि 'हा क्रमांक आधीच दिलेला आहे' म्हणून सिस्टमडीने ती सुरू करायला नकार दिला. जुन्या उबुंटूमधला सिस्टमडी आरडीरँडच्या वाटेला जात नव्हता, म्हणून ती चालली. एएमडीने मदरबोर्ड बनवणाऱ्यांना दुरुस्ती दिली आणि बायोसच्या नव्या आवृत्तीने प्रश्न मिटला. विंडोजवरचा 'डेस्टिनी २' हा खेळही याच दोषापायी त्या प्रोसेसरवर चालत नव्हता.

ही हकीकत मला फार मोलाची वाटते. ज्यांनी बंद पडद्याकडे बघून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केलं, त्यांना दर वेळी तेच मिळालं असतं. ज्यांनी कुठली ओळ शेवटची आली, कुठपर्यंत गाडी गेली आणि कुणाच्या हातात असताना अडली हे पाहिलं, त्यांना वाट सापडली. नव्या लॅपटॉपवर लिनक्स सुरू होत नाही, या एका वाक्यात किमान पाच-सहा वेगवेगळे आजार दडलेले असतात. त्यांची औषधंही वेगळी आहेत. म्हणून पहिला प्रश्न 'काय करू' हा नसावा. 'कुठपर्यंत पोचलं' हा असावा.

बटण दाबल्यावर प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला फर्मवेअर चालवतो. सवयीने आपण त्याला अजून बायोस म्हणतो, पण १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला तो बायोस आता उरलेला नाही. त्याचं काम अगदी साधं होतं : डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्यातला प्रोग्राम चालवायचा. त्या तुकड्यात विभागांचा तक्ताही बसवायचा असल्याने प्रोग्रामला उरायचे ४४६ बाइट. तो तक्ता चारच मुख्य विभाग ओळखायचा आणि साधारण दोन टेराबाइटपलीकडची डिस्क त्याच्या हिशेबात बसत नसे. इंटेलने आपल्या इटॅनियम सर्व्हरसाठी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवी रचना आखली आणि २००५मध्ये ती अनेक कंपन्यांच्या सामाईक संघटनेकडे गेली. तीच आजची यूईएफआय. हा फर्मवेअर फाईल वाचू शकतो. डिस्कवर फॅट पद्धतीचा एक छोटा विभाग असतो, त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम आपली सुरुवातीची फाईल ठेवते आणि कुठली फाईल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत राहते.

नव्या यंत्रावर अडचण इथूनच सुरू होऊ शकते. मधली काही वर्षं फर्मवेअरमध्ये जुन्या बायोसची नक्कल करणारा भाग असायचा, त्यामुळे कशीही बनवलेली पेनड्राईव्ह चालून जायची. २०२०पर्यंत ही नक्कल काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७मध्ये जाहीर केला होता आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ती नाहीच. त्यामुळे बूट मेनूमध्ये पेनड्राईव्हचं नावच दिसत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. लिनक्सची पाळी अजून आलेलीच नाही. ती पेनड्राईव्ह जुन्या पद्धतीने लिहिलेली असते किंवा अर्धवट लिहिली गेलेली असते. पुन्हा लिहावी, लिहिताना यूईएफआय आणि जीपीटी हे पर्याय निवडावेत आणि आयएसओ फाईल नीट उतरली का हे तिच्या चेकसमवरून पडताळावं. हा कंटाळवाणा पडताळा बहुतेक जण टाळतात. तो टाळू नये, कारण अर्धवट उतरलेली फाईल पुढे कुठल्याही टप्प्यावर, कुठल्याही रूपात दगा देते आणि मग शेवटच्या ओळीवरही विश्वास ठेवता येत नाही.

पेनड्राईव्ह दिसते, पण निवडल्यावर सहीविषयी काही तक्रार येते आणि मेनू परत येतो, तेव्हा प्रश्न सिक्युअर बूटचा असतो. २०१२मध्ये विंडोज ८ आली आणि तिच्या प्रमाणपत्रासह विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर ही सोय चालू ठेवणं सक्तीचं झालं. फर्मवेअरमध्ये काही किल्ल्या साठवलेल्या असतात. त्यांपैकी एखाद्या किल्लीची डिजिटल सही नसलेली फाईल चालत नाही. जवळपास प्रत्येक पीसीवर असणारी किल्ली मायक्रोसॉफ्टची. तेव्हा लिनक्सच्या जगात मोठी घबराट होती. तोडगा काढणाऱ्यांत मॅथ्यू गॅरेट हा प्रोग्रामर पुढे होता. त्याने 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्राम तयार केला. मायक्रोसॉफ्ट फक्त शिमवर सही करते; शिमच्या पोटात त्या त्या लिनक्सची स्वतःची किल्ली असते आणि पुढच्या सगळ्या फाईली शिम त्या किल्लीने तपासतो. उबुंटू, फेडोरा, डेबियन आज सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात, ते या शिममुळे.

असं असूनही 'आधी सिक्युअर बूट बंद करा' हा सल्ला सगळीकडे डोळे मिटून दिला जातो. मला तो पटत नाही. एक तर तो बऱ्याचदा अनावश्यक असतो. काही नव्या व्यावसायिक लॅपटॉपांवर इतरांच्या फाईलींसाठी असलेली मायक्रोसॉफ्टची दुसरी किल्ली कारखान्यातूनच बंद असते. फर्मवेअरच्या मेनूत तेवढा एक पर्याय चालू केला की पुरतं. दुसरं म्हणजे विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांवर डिस्क मालकाच्या नकळत सांकेतिक केलेली असते. सिक्युअर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कुठे ठेवली आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाची सगळी छायाचित्रं आणि कागदपत्रं त्या एका पडद्यामागे अडकतात. ती की सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. फर्मवेअरला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी. या लेखातलं बाकी काही नाही केलं तरी चालेल, हे मात्र करावंच.

सहीचीही मुदत असते. २०२०मध्ये ग्रब या बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नल चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'बूटहोल' नावाची फट सापडली आणि जुन्या फाईली बाद करण्यासाठी आवृत्तीक्रमांकांची पद्धत आली. ऑगस्ट २०२४च्या एका विंडोज अपडेटने हा किमान क्रमांक वर नेला, तेव्हा एकाच डिस्कवर दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं म्हणत थांबलं. शिमवर जिची सही असते ती मायक्रोसॉफ्टची २०११ची किल्लीही जून २०२६पर्यंतचीच. तिची जागा २०२३ची किल्ली घेते. आधीपासून चालणाऱ्या यंत्रांचं यामुळे सहसा काही बिघडत नाही, कारण फर्मवेअर सही पाहतो, तारीख पाहत बसत नाही. पण फक्त नवी किल्ली घेऊन आलेल्या लॅपटॉपवर कपाटातली जुनी पेनड्राईव्ह चालणार नाही. तिच्यावर ताजी आयएसओ फाईल लिहावी लागेल.

आता सर्वांत जास्त घाबरवणारा टप्पा. ग्रबचा मेनू येतो, आपण एंटर दाबतो आणि पडदा काळा होतो. पंखा फिरतोय, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही लागतो-विझतो, पण दिसत काहीच नाही. अशा वेळी बऱ्याचदा यंत्र व्यवस्थित सुरू झालेलं असतं. चित्र तेवढं गेलेलं असतं.

सुरुवातीला पडद्यावर जे दिसतं ते फर्मवेअरने आखून दिलेल्या चौकटीत दिसतं. कर्नल पुढे गेला की ग्राफिक्सचा ड्रायव्हर ती चौकट मोडतो आणि पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतो. हा ताबा घेण्याच्या क्षणी ड्रायव्हरला कार्डाची पुरती माहिती हवी. लॅपटॉप ड्रायव्हरपेक्षा नवा असेल, तर ती नसते. शिवाय आजच्या ग्राफिक्स कार्डांच्या आत स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात आणि त्यांना चालू करायला कंपनीने दिलेली वेगळी फर्मवेअर फाईल लागते. ती फाईल पेनड्राईव्हवर नसेल तर ड्रायव्हर अर्ध्यात थांबतो. एनव्हीडियाच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होती. २०१४च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने ही फाईल सही केलेलीच हवी अशी अट घातली, त्यामुळे लोकांनी कष्टाने लिहिलेला 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर कंपनी फाईल देईपर्यंत हात बांधून बसला.

यावरचा प्रसिद्ध उतारा म्हणजे 'नोमोडसेट'. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहायचा आणि एफ-१० दाबायचं. अर्थ इतकाच की ड्रायव्हरने पडद्याला हात लावू नये, फर्मवेअरच्या चौकटीवरच भागवावं. चित्र परत आलं, तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे नक्की झालं. पण तो शब्द कायमचा तिथे ठेवून देणारे मी बरेच पाहिले आहेत आणि मग 'लिनक्स फार मंद चालतं' अशी त्यांची तक्रार असते. मंद चालणारच. चित्र काढण्याचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, प्रकाश कमी-जास्त होत नाही, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही. त्या शब्दाच्या आधाराने इन्स्टॉल करावं, नवा कर्नल किंवा कार्डाचा योग्य ड्रायव्हर बसवावा आणि शब्द काढून टाकावा. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट चालू असेल, तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवून घेतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि नव्या किल्लीची नोंद करायची का विचारतो. तो दहा सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलेल्या माणसाचा तो हुकतो, ड्रायव्हर चढत नाही आणि कारण कुणालाच उमगत नाही.

त्याच ओळीवर 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द असतात. ते खोडले की सुंदर बोधचिन्हाऐवजी कर्नलच्या ओळी दिसू लागतात. माझ्या मते समस्या शोधणाऱ्याने सर्वांत आधी करायची गोष्ट ही. शेवटच्या ओळीचा फोनवर फोटो काढावा. शेवटची ओळ म्हणजेच दोष असं प्रत्येक वेळी नसतं, कारण जे काम अडलं ते बऱ्याचदा तिच्या पुढचं असतं. पण शोधायचं कुठे ते तिच्यावरून कळतं. उलट 'एसीपीआय बंद करा' असा सल्ला अजून ऐकू येतो, तो मात्र वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांसाठी होता. आजच्या लॅपटॉपमध्ये बॅटरीपासून टचपॅडपर्यंत सगळ्याचा ठावठिकाणा कर्नलला एसीपीआयच्या तक्त्यांतूनच मिळतो. ते तक्ते बंद करून मिळवलेलं यश टिकत नाही.

चित्र आहे, इन्स्टॉलर उघडला, पण डिस्कच दिसत नाही : नव्या इंटेल लॅपटॉपांवर हे फार घडतं. अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय चालू करून देतात. एनव्हीएमई डिस्क त्या सोयीच्या आड जाते आणि व्हीएमडीचा ड्रायव्हर नसेल तर कर्नलच्या लेखी यंत्रात डिस्क नसतेच. हा प्रश्न आधीही येऊन गेला आहे. २०१६मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० लॅपटॉपवर डिस्क रेड पद्धतीला जखडलेली होती आणि बदलायचा पर्यायच मेनूत नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी वेगळा बायोस दिला. आज बहुतेक ठिकाणी पर्याय असतो आणि नवे कर्नल व्हीएमडी ओळखतातही. तरी व्हीएमडी बंद करायची वेळ आलीच, तर थेट जाऊन बंद करू नये. तसं केलं की विंडोजला आपली डिस्क सापडत नाही आणि ती निळ्या पडद्यावर अडकते. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून सेफ बूट निवडावं, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावी म्हणजे ती साधा ड्रायव्हर उचलते, आणि मग सेफ बूट काढावं. ती ४८ अंकी की याही वेळी जवळ हवी.

इन्स्टॉल झाल्यावरही डिस्कचाच घोळ वेगळ्या रूपात उभा राहू शकतो. कर्नलला मुख्य डिस्क उघडायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर. म्हणून 'इनिटरॅमएफएस' नावाचं एक लहानसं गाठोडं कर्नलसोबत स्मृतीत चढतं, त्यात एवढ्यापुरती हत्यारं असतात. गाठोड्यात हवा तो ड्रायव्हर नसेल, किंवा विभाग बदलल्याने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलला असेल, तर 'तो यूयूआयडी अस्तित्वात नाही' असं सांगून यंत्र एका ओसाड प्रॉम्प्टवर येऊन थांबतं. 'व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस' या ओळीसह येणारं कर्नल पॅनिकही बहुधा याच घरातलं. दोन्ही वेळी दोष बहुधा कर्नलचा नसतो. गाठोड्यात ड्रायव्हर नसेल, तर ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून आत शिरावं आणि गाठोडं नव्याने बांधायची आज्ञा द्यावी.

इन्स्टॉल यशस्वी झालं, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि सरळ विंडोजच आली, ही तक्रार त्या मानाने सोपी. फर्मवेअरच्या यादीत लिनक्सची नोंद खाली गेलेली असते. ती वर घ्यावी. काही फर्मवेअर मात्र आपली यादी मानतच नाहीत, विंडोजच्या नावाखेरीज दुसरं नाव विसरून जातात. अशांसाठी प्रमाणित नियमातच एक राखीव जागा आहे : ईएफआय विभागातल्या 'बूट' फोल्डरमधली 'बूटएक्स६४' ही फाईल. नाव माहीत नसलेल्या डिस्कवर फर्मवेअर तीच शोधतो. ग्रबची प्रत तिथे ठेवली की काम होतं.

फर्मवेअर हा प्रोग्रामच आहे आणि त्यातही चुका असतात. २०१३मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे निकामी झाले. आधी लिनक्सच्या ड्रायव्हरवर ठपका आला. पुढे गॅरेटने दाखवून दिलं की फर्मवेअरच्या नोंदींची जागा बरीच भरली की ते लॅपटॉप मरतात आणि विंडोजमधूनही तसंच करता येतं. डिसेंबर २०१७मध्ये उबुंटू १७.१० मागे घ्यावी लागली, कारण तिच्या कर्नलमधला एक इंटेल ड्रायव्हर लेनोव्होच्या आणि इतर काही लॅपटॉपांच्या बायोस चिपवर नको ते लिहीत होता. दुरुस्त प्रत जानेवारीत आली. असे प्रसंग विरळा असतात. तरी नव्या लॅपटॉपवरची विंडोज पुसण्याआधी तिच्यातूनच बायोस अद्ययावत करून घ्यावा, कारण अनेक कंपन्या हे अपडेट विंडोजच्या प्रोग्रामच्या रूपानेच देतात. काही कंपन्या लिनक्समधल्या 'एफडब्ल्यूअपडी'मार्फतही देतात, पण आपल्या मॉडेलचं तिथे असेलच असं नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर नव्या यंत्राचा मूळ प्रश्न उरतो तो वेळेचा. दर नऊ-दहा आठवड्यांनी लिनक्सचा नवा कर्नल येतो. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात तोच कर्नल धरून राहते. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२चा कर्नल ६.१ होता. २०२४च्या अखेरीस घेतलेल्या लॅपटॉपचं हार्डवेअर त्या कर्नलच्या जन्मानंतरचं. त्याने ते ओळखावं कसं? कुठल्याही सल्ल्याच्या मागे लागण्याआधी ताज्या फेडोराची किंवा उबुंटूची पेनड्राईव्ह लावून बघावी. तिच्यावर सगळं चाललं, तर आपल्या आवडत्या लिनक्सवर नवा कर्नल आणि फर्मवेअरच्या नव्या फाईली आणायच्या, एवढंच काम राहिलं. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या असा नवा कर्नल अधूनमधून स्वतःच देतात. डेबियनमध्ये तो बॅकपोर्ट्समधून घ्यावा लागतो.

कधी मात्र रायझन ३०००सारखं होतं : जुन्या कर्नलवर चालतं, नव्यावर अडतं. अशा वेळी प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही मोठं काम करता येतं. कर्नलच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये बारा ते पंधरा हजार बदल असतात. त्यांतला नेमका कुठला बदल नडला हे शोधायला 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा मधोमधचा बदल निवडून देते. तिथला कर्नल बांधायचा, सुरू होतो का पाहायचं आणि चांगला की वाईट एवढं सांगायचं. दर वेळी उरलेले निम्मे बदल बाद होतात, म्हणजे चौदाएक वेळा यंत्र सुरू करून पाहिलं की एकच बदल उरतो. तो बदल, लॅपटॉपचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि शेवटच्या ओळींचा फोटो असं पत्र त्या ड्रायव्हरच्या राखणदाराला गेलं, तर उत्तर बहुधा येतं. दुरुस्ती कर्नलमध्ये शिरते तेव्हा तिच्याखाली 'रिपोर्टेड-बाय' या ओळीत कळवणाऱ्याचं नाव असतं.